शेकरूची धर्मशाळा: प्राण्यांच्या सराईचं चित्र काढताना

टाकबोरू

नमस्कार. गेले सात महिने एका चित्रपुस्तकावर काम करते आहे आणि आता इथल्या जाणत्यांशी बोलल्याशिवाय ते पुढे सरकेल असं वाटत नाही, म्हणून हा धागा.

गोष्ट अगदी लहान आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, भीमाशंकरच्या बाजूला, एक धर्मशाळा आहे. ती शेकरूमावशी चालवते. वर्षभर तिथे प्राणी-पक्षी उतरतात, राहतात, निघून जातात. मजकूर जेमतेम चारशे शब्दांचा, त्यामुळे सगळा भार चित्रांवर.

पहिलं चित्र मी काढलं ते असं: मोठं झाड, बुंध्याला गोल दरवाजा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत पलंग, उशी, टेबलावर किटली, वर विटांचं धुराडं. सुबक दिसत होतं. भाचीला दाखवलं. ती सहा वर्षांची आहे. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मावशी, यांच्याकडे बर्फ पडतो का?"

त्या प्रश्नानंतर मी ते चित्र बाजूला ठेवलं. मी भीमाशंकर काढलंच नव्हतं. लहानपणी पाहिलेल्या परदेशी पुस्तकांतलं घर उचललं होतं आणि त्यात आपले प्राणी बसवले होते. आणि घर तरी कोणाचं? माणसाचं, फक्त लहान केलेलं. शेकरूला पलंग कशाला हवा? वटवाघळाला उशी कशाला?

मग मला आपली सगळ्यांत जुनी गोष्ट आठवली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. दोन ओळींत दोन घरं आणि दोन स्वभाव. त्यात खुर्ची-टेबल काही नाही, तरी प्रत्येक मराठी मुलाला ती दोन्ही घरं डोळ्यांसमोर दिसतात. तेव्हापासून मी एकच नियम धरला आहे: खोली आधी काढायची नाही. आधी तो प्राणी कसा निजतो ते काढायचं आणि त्याच्याभोवती खोली वाढू द्यायची.

खवले मांजर दिवसा बिळात अंगाची गुंडाळी करून निजतं, म्हणजे त्याला कोपरे नसलेली खोली हवी. वटवाघळाला अंथरूण नको, पण आढं हवं. शेकरू उंचावर, जिथे फांद्या एकमेकींत शिरतात तिथे, काटक्या-पानांचं घरटं करतं, आणि एकच नाही, एका हंगामात अनेक करतं. सगळ्यांत राहतही नाही. हे कळल्यावर धर्मशाळेची मालकीण कोण, हा प्रश्नच उरला नाही. जिच्याकडे कायम रिकाम्या खोल्या असतात तीच धर्मशाळा चालवणार!

आता अडलेल्या गोष्टी. एक, माप. चतुर दोन इंचांचा आणि शेकरू शेपटीसकट जवळजवळ दोन हात लांब. एकाच चित्रात दोघांच्या खोल्या कशा दाखवू? दोन, पाहुण्यांत शिकारी आहेत आणि त्यांची शिकारही आहे. तीन, कपडे घालावेत का? यावर मी रोज मत बदलते आहे.

चित्रं कोल्ड प्रेस कागदावर जलरंगात, वर टाकाने वॉटरप्रूफ शाईची रेघ. मुख्य चित्र म्हणजे अख्ख्या धर्मशाळेचा उभा छेद, म्हणजे भिंत कापून आतल्या सगळ्या खोल्या दिसाव्यात असं चित्र, दोन पानांवर पसरलेला. आतापर्यंत त्याची अकरा कच्ची चित्रं झाली आहेत.

चिरेबंदी

फार आवडलं. मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे छेद म्हटल्यावर राहवलं नाही.

मापाचा प्रश्न मला वाटतं तुम्ही चुकीच्या टोकाने धरला आहे. तुम्ही झाडाच्या आत घर कोरताय, म्हणून प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी मापाची बनवावी लागते. त्याऐवजी माणसांची एक जुनी, सोडून दिलेली धर्मशाळा घ्या. घाटवाटेवर अशा पडक्या वास्तू असतात. माणसं गेली, वस्तू राहिल्या. मग सगळं खऱ्या मापाचं राहतं आणि प्राणी त्यात आपापल्या सोयीने शिरतात.

विचार करा: उतरंड. एकावर एक रचलेली मडकी, खाली मोठं, वर लहान. उंदरासाठी ती पाच मजली इमारत आहे. शिंकाळं म्हणजे टांगलेला पाळणा. देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, ही पिंगळ्याची, त्या छोट्या घुबडाची खोली, समोरून उघडी, तिन्ही बाजूंनी बंद. फडताळ, खुंट्या, जातं, वळचण, पोटमाळा, प्रत्येकाला कोणी ना कोणी गिऱ्हाईक आहे. कोपरे नसलेली खोली शोधताय ना? रांजण आडवा करा. खवले मांजर आत शिरलं की झालं.

एक चूक आधीच सांगतो, कारण तुम्ही नक्की करणार. जांभ्याच्या लाल भिंती रंगवू नका. लाल चिरा दिसायला गोड, पण तो कोकणातल्या घराचा. भीमाशंकर-जुन्नरच्या पट्ट्यात काळा दगड. जोतं काळ्या दगडाचं, वर मातीच्या किंवा कारवीच्या (रानातल्या झुडपाच्या काठ्यांच्या) कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं. कारवीची काठी सरळ, बोटाएवढी जाड. लिंपण पडलं की आतली विणलेली कारवी दिसते, आणि टाकाच्या रेघेला ती फार सुंदर लागेल.

टाकबोरू

चिरेबंदी, माझ्या बाराव्या कच्च्या चित्रात भिंती लालच होत्या. आजच बदलते.

आणि उतरंड! आजीच्या माजघरात होती. सगळ्यांत वरच्या मडक्यात काय असायचं हे आम्हां मुलांना कधीच कळलं नाही, हात पोचायचा नाही. ते वरचं मडकं मी कोणाला देऊ याचाच विचार दुपारपासून चालू आहे.

रानवेडा

सुंदर विषय. निसर्गात फिरणारा माणूस म्हणून थोडं बोलतो.

वटवाघळाच्या आढ्याला रंधा मारलेला दाखवू नका. त्याच्या पायांची रचनाच अशी असते की अंगाच्या वजनाने बोटं आपोआप आवळली जातात. लटकायला त्याला जोर लावावा लागत नाही, सोडायला लावावा लागतो. पण नखं रुतायला खरखरीत लाकूड हवं. तासलेलं नाही, कुऱ्हाडीने घडवलेलं आढं काढा.

खवले मांजर तोंड उघडून हसताना काढलंत तर दात काढू नका, त्याला दात नसतात. लांब चिकट जीभ असते, मुंग्या आणि वाळवी हे त्याचं खाणं. चालताना पुढच्या पायांची मोठी नखं आत वळवून ते बोटांच्या सांध्यांवर चालतं. मादी पिल्लाला शेपटीच्या बुडाशी बसवून नेते. तेव्हा पाहुणी लेकुरवाळी असेल तर तिला दारातून आत यायला जरा वेळ लागेल. ते चित्र काढाच.

आता मुख्य सुचवणी. पाहुण्यांचा क्रम मनाने लावू नका, तो निसर्गाने लावून ठेवला आहे. पावसाच्या तोंडाशी चातक येतो, समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून. पाठोपाठ नवरंग येतो. पहाटे त्याची शीळ ऐकली की पाऊस लागला समजायचं. पाऊस ओसरताना करडा धोबी हिमालयाकडून उतरतो आणि ओढ्याच्या दगडांवर शेपूट हलवत फिरतो. दिवाळीच्या पुढेमागे अमूर ससाणे जातात. पूर्व आशियातून निघून ईशान्य भारतात थांबतात आणि मग आपल्यावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेला. लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात ते दिसतात. धर्मशाळेची वही असेल तर ती अशी आपोआप भरते.

आणि चतुर! तुमचा दोन इंचांचा पाहुणा. पाऊस संपल्यावर माळावर जे पिवळसर चतुर थव्याने उडतात, तेही समुद्र ओलांडतात. मालदीववरून पूर्व आफ्रिकेकडे. परतीचा फेरा पुढच्या पिढ्या पुऱ्या करतात, म्हणजे जो जातो तो परत येत नाही, त्याची नातवंडं येतात.

अडचण अशी की ससाणा आणि चतुर साधारण एकाच हंगामात, एकाच दिशेने जातात, आणि ससाण्याची समुद्रावरची शिदोरी म्हणजे हेच चतुर, असं पक्षिअभ्यासक मानतात. तुमचा दुसरा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. मुलांचं पुस्तक आहे म्हणून त्यांना एका पंगतीला बसवू नका, एवढी विनंती.

लालबागकर

मी चित्रकार नाही, पण हा धागा वाचून आजी आठवली आणि लिहायला बसलो.

आमची आजी लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही आणि जेवायला येणारे गिरणीतले वीस-बावीस जण. त्यातले बरेचसे गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. खोली एक, माणसं तीस-चाळीस. हे सगळे एका वेळी कसे झोपायचे? झोपायचेच नाहीत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर पथारी टाकायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. एवढंच त्याचं घर.

तुमच्या धर्मशाळेत अर्धे पाहुणे दिवसा झोपणारे आणि अर्धे रात्री, हो ना? मग प्रत्येकाला वेगळी खोली कशाला? सकाळी उदमांजर येऊन निजेल, त्याच जागेवरून शेकरूमावशी नुकती उठलेली असेल. जागा अजून उबदार असेल. आजी म्हणायची, रात्रपाळीवाल्याला दुसऱ्याच्या उबेत झोप लवकर लागते.

मावशी हे नाव बरोबर निवडलंत. खाणावळवालीला सगळे मावशीच म्हणायचे. १९८२ च्या गिरणी संपात कित्येकांचे महिनोन्‌महिने पैसे थकले, तरी आजीने ताट बंद केलं नाही. तिची वही अजून आमच्याकडे आहे. त्यात नावापुढे रेघा आहेत, एका जेवणाला एक रेघ. अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून नावाच्या जागी खूण: एकाला छत्री, एकाला मिशी, एकाला तुरा.

टाकबोरू

लालबागकर, तुमच्या आजीची वही वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

परवानगी असेल तर ती खुणांची वही मला पुस्तकात घ्यायची आहे. शेकरूमावशीला अक्षरं येत नाहीत, ती पाहुण्याची खूण काढते. चातकाला तुरा, धोब्याला शेपूट, खवले मांजराला एक खवला. पुस्तक न वाचता येणारं मूलही ती वही वाचू शकेल.

आणि दोन पाळ्यांची जागा. याने छेदाचं चित्र एक नाही, दोन झालं. तीच वास्तू, तीच रेघ, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री. दुपारी जे झोपलेत ते रात्री जागे.

म्हापशेकार

लालबागकरांनी सांगितलं तसंच आमच्या गोंयकारांचं. मुंबईत धोबीतलावाला आमच्या गावांच्या खोल्या आहेत, त्यांना आम्ही कूड म्हणतो. बोटीवर काम करणारे दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायचे. माझे आजोबा उतरत. भिंतीला लागून रांगेने पेट्या, समोर देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. माणूस समुद्रावर असला तरी पेटी तिथेच राहायची. पेटी आहे म्हणजे माणूस परत येणार.

चिरेबंदींनी कारवीचा कूड लिहिला तेव्हा मी क्षणभर आमचाच कूड समजलो.

सुचवायचं एवढंच: पाहुणे गेल्यावर त्यांची एक वस्तू मागे ठेवा.

बालवाडीताई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. टाकबोरूताईंना विचारून त्यांच्या छेदाच्या कच्च्या चित्राची प्रत काढली आणि पहिली-दुसरीच्या मुलांना दाखवली. काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, काय दिसतंय? उत्तरं जशीच्या तशी लिहिते.

"पाल नाय का? आमच्या घरात हाय."
"संडास कुठंय?"
"चपला बाहेर काढल्या नाहीत."
"ते पैशे कुठनं आणत्यात?"
"वटवाघूळ उलटं नाय, बाकीचे उलटे हायेत." (ही मुलगी चित्र उलटं धरून बसली होती. तिने वटवाघळाच्या खोलीपासून सुरुवात केली.)

कपड्यांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. कपडे नाहीत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. चपला मात्र तिघांनी शोधल्या. मुलांना माणसाचा अवतार नको असतो, माणसाची रीत हवी असते. दारात काहीतरी काढून ठेवायचं, पाय धुवायचे, मग आत.

टाकबोरू

ताई, या पाच वाक्यांसाठी तुमचे आणि मुलांचे मनापासून आभार. पाल आजच आली, समईच्या मागे, भिंतीवर. ती पाहुणी नाही, कायमची राहणारी आहे.

कपड्यांचा प्रश्न मिटला. कोणालाच कपडे नाहीत. ओसरीवर प्रत्येकाचं एक काहीतरी ठेवलेलं असेल: कोणाचं गाठोडं, कोणाचं पानांचं इरलं, चतुराचं एक गवताचं पातं. दारात पाण्याचं दगडी भांडं.

पैशांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ते खरंच पैसे कुठून आणतात?

रानवेडा

बियांतून! मुलांनी दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, पण त्यांचं उत्तर एकच आहे.

उदमांजर फळं खातं आणि बिया विष्ठेतून टाकतं. भेरली माडाच्या बिया रानात अशाच पसरतात. धनेश वड-उंबराची फळं खाऊन बिया दूरवर नेतो. फळं खाणारी वटवाघळं तेच करतात. शेकरू स्वतः फळांचे तुकडे वरून टाकत असतं. म्हणजे संडास परसात, आणि परसात जे पडतं तेच भाडं. दर वर्षी धर्मशाळेमागे थोडं थोडं रान वाढतं.

खवले मांजर बी देत नाही, पण जोत्याशी जे वारूळ वाढलंय ते तेच उकरणार. लाकडी घराला याहून मोठी फेड कोणती? धोबी डास-माश्या खातो.

चिरेबंदी

आणि जकातीचा रांजण!

नाणेघाट पाहिला असेल तर आठवेल. कोकणातून जुन्नरकडे चढणारी सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट. वर घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. वाटसरूंनी त्यात जकातीची नाणी टाकायची, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. जवळच कोरलेली गुंफा, जिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. भिंतींना लागून बसायचे कट्टे आहेत. घाट चढून आलेल्या माणसाला त्या कट्ट्यावर टेकल्यावर काय वाटत असेल, ते मी भर उन्हात स्वतः अनुभवलं आहे. तुमचा प्रदेश तिथून फार लांब नाही.

तेव्हा ओसरीशेजारी एक दगडी रांजण ठेवा. पाहुणा जाताना त्यात बी टाकतो.

आजीची_गोधडी

इतके दिवस नुसती वाचत होते. आता ससाणा आणि चतुराचं काय? सगळे त्याला वळसा घालून पुढे गेलात.

माझं माहेर मावळातलं. पावसाळ्यात कौलांवरून पाणी गळतं त्याची खाली जमिनीवर एक रेघ उमटते, खड्ड्याखड्ड्यांची. पागोळीची रेघ. आम्हां मुलांना ताकीद असायची की पागोळीच्या आत भांडायचं नाही. बाहेर जाऊन काय ते करा. घराची हद्द भिंत नव्हती, पागोळी होती.

पागोळीच्या आत शिकार नाही. बाहेर रान आहे आणि रानाची रीत आहे. मुलांना हे कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

रानवेडा

यात खोटं काही नाही आणि लपवलेलंही काही नाही. मला पटलं.

टाकबोरू

गोधडीताई, तुमची पागोळी आता पुस्तकाच्या प्रत्येक पानावर आहे. उन्हाळ्याच्या चित्रातही, कोरड्या खड्ड्यांची ओळ म्हणून. त्या रात्री ससाणा आढ्याच्या टोकाला आणि चतुर देवळीतल्या काडीवर, दोघंही आत. पुढच्या पानावर पहाट आहे, दोघं पागोळी ओलांडून समुद्राकडे निघाले आहेत, आणि मजकूर नाही. तिथे शब्द घालून पाहिले, पण प्रत्येक वेळी ते चित्राच्या पुढे पुढे करू लागले.

आता रात्रीच्या छेदाचं सांगते, कारण गेले तीन आठवडे मी त्यातच आहे. मध्यरात्री सगळं निळं-काळं, प्रकाश फक्त दोन ठिकाणी: समईपाशी आणि पिंगळ्याच्या कंदिलापाशी. पिंगळा रात्रीचा राखणदार. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारे, पिंगळे म्हणवणारे भिक्षेकरी आमच्या गावी आजोबांनी पाहिले होते, म्हणून त्याच्या हाती कंदील. उजेडाच्या जागी कागद कोरा ठेवते. आधी पिवळ्याचा अगदी पातळ हात, तो वाळला की बाहेरून निळा आणत यायचं, पिवळ्याच्या काठाला थांबायचं. निळा पिवळ्यात शिरला की तिथे हिरवट डाग पडतो आणि उजेड विझतो. आतापर्यंत चार कागद असे गेले.

भीती छपाईची आहे. मागच्या पुस्तकात माझं रात्रीचं चित्र छापून आलं ते चिखलासारखं. उंबरठ्यावर बसलेलं मांजर दिसतच नव्हतं.

फर्माकार

छपाईत तीस वर्षं गेली, म्हणून बोलतो.

पडद्यावर जो निळा चमकतो तो चार रंगांच्या शाईत नसतोच. फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, पाहून खूश होऊ नका. स्कॅन झाल्यावर लगेच सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत, बदलून पाहा आणि जो निळा उरेल त्याच्याशी जुळवून घ्या. दुसरं म्हणजे कागद. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, छापणार असाल तर तो शाई पितो, गडद रंग आणखी गडद होतात. रात्रीचं चित्र आत्ता वाटतं त्यापेक्षा उजळ रंगवा. काळोख काळ्याने करू नका, निळा आणि तपकिरी मिसळून करा. काळ्या शाईचा थर टाकाच्या रेघेसाठी राखून ठेवा, म्हणजे रेघ वर उठून दिसेल.

बत्तीस पानं म्हणजे सोळा पानी दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं). मध्ये पिन मारणार असतील तर छेदाचं चित्र बरोबर मधल्या जोडपानावर आणा, म्हणजे १६ आणि १७. तिथे दोन्ही पानं एकाच कागदावर छापली जातात, जोड हलत नाही. दुसरा छेद मात्र दुसरीकडे जाणार, तिथे दोन अर्धी वेगवेगळ्या कागदांवर येतात आणि केसभर फरक पडतोच. म्हणून मधोमध कोणाचा चेहरा ठेवू नका. खांब ठेवा. खांब केसभर सरकला तरी कोणाला कळत नाही. आणि चहूबाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त रंगवा, कटिंगमध्ये जातं.

टाकबोरू

मधोमध खांब! धर्मशाळेला तसाही मधला खांब हवाच होता. दुपारचा छेद बिनचेहऱ्याच्या खांबासह अलीकडे आणते आणि रात्रीचा १६-१७ वर, कारण त्याला जोड अजिबात सोसणार नाही. पाचवा कागद उद्या ताणते.

परगावकर

मी बरीच वर्षं भारताबाहेर आहे. मुलीला मराठी गोष्टी वाचून दाखवतो तेव्हा शिंकाळं, फडताळ, वळचण हे शब्द आले की थांबून समजावावं लागतं, आणि समजावता समजावता गोष्ट निसटते. या पुस्तकात शिंकाळ्यात कोणीतरी निजलेलं असेल तर मला काही समजवावं लागणार नाही. टाकबोरू, शिंकाळ्यात कोण आहे?

टाकबोरू

उदमांजराचं पिल्लू. आई रात्री फळं शोधायला गेली आहे. शेपूट शिंकाळ्याच्या दोऱ्यांमधून खाली लोंबते आहे आणि पाल तिच्याकडे पाहते आहे.

चिरेबंदी

धागा वर काढतो. पाऊस सुरू झाला, चित्रं कुठवर आली? आणि उतरंडीचं वरचं मडकं कोणाला दिलं?

टाकबोरू

दोन्ही छेद पूर्ण झाले. पाचव्या कागदावर रात्र जमली.

एक गोष्ट मात्र ठरवल्यापेक्षा वेगळी झाली. धनेशाची खोली. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत जाते आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते. फक्त एक चीर ठेवते. अंडी, मग पिल्लं, आणि ती कित्येक आठवडे आत. नर त्या चिरेतून एकेक फळ देत राहतो. धर्मशाळेला टेकून एक जुना आंबा आहे, त्याच्या ढोलीत ती उतरली आहे.

छेदात मी सगळ्यांच्या खोल्या उघड्या केल्या आहेत. रांजण कापला आहे, उतरंड कापली आहे, बीळही कापलं आहे. साहजिकच ढोलही कापली होती आणि आत धनेशीण, दोन अंडी, गळलेली पिसं, सगळं नीट रंगवलं होतं. पण पूर्ण झालेलं चित्र भिंतीवर लावलं आणि ती खोली नजरेला खुपू लागली. जिने स्वतःहून दार लिंपून घेतलं तिच्या खोलीची भिंत मी कशी काढली? दुपारचं चित्र त्यासाठी पुन्हा केलं. आता दोन्ही छेदांत सगळं उघडं आहे, फक्त आंब्याचं खोड अखंड आहे. त्यात एक चीर, चिरेत चोचीचं टोक, बाहेर नर उंबर घेऊन.

शेवटच्या जोडपानावर लिंपण फुटलेलं आहे.

वरच्या मडक्यात काय आहे ते मी काढलं नाही. झाकण थोडं कललेलं आहे, एवढंच.

बालवाडीताई

काल मुलांना दोन्ही छेद शेजारी शेजारी लावून दाखवले. पाऊण तास आवाज नव्हता, मग एकदम सगळे बोलायला लागले. दिवसा कोण कुठे आणि रात्री कोण कुठे याच्या जोड्या त्यांनी स्वतःच लावल्या. पालीच्या जागा दोन्ही चित्रांत मोजल्या. चित्र उलटं धरणारी मुलगी यावेळीही वटवाघळापासूनच निघाली.

झाडातली चीर एका मुलाला सापडली. तो बोट लावून बसला आणि कोणी विचारलं तरी काढेना. म्हणाला, "आत बाई हाय. ती झोपलीय. बोलू नका."